मार्टीकाकांचा पांढरा

मार्टीकाका भिंत चाटायचे.

घर रंगवायचं काम आलं की आधी घराला एक चक्कर मारायचे. मग टोपी मागे सरकवून पश्चिमेच्या कोपऱ्यापाशी जायचे, जिकडून समुद्राचा वारा येतो तिकडे, आणि डोळे मिटून भिंतीला जीभ लावायचे. आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघतात ना, तसं. घरमालकीण खिडकीतून बघत असायची, पण त्या गावात कुणाला त्याचं काही वाटत नसे. थोड्या वेळाने निकाल लागायचा. "वर चुना. खाली चुना. मध्ये कुणा गाढवाने प्लास्टिक मारलंय." मग रुमालाने जीभ पुसून म्हणायचे, "ग्रँड." आयर्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ उत्तम असा नाही. आपण 'चाललंय' म्हणतो, तेवढाच.

दरवाजे मात्र ते कधी चाटत नसत. मलाही बजावून ठेवलं होतं. "जुन्या दाराला जीभ लावू नकोस, बॉबी. त्या रंगात शिसं असतं. माझे आजोबा दारंसुद्धा चाटायचे. शेवटची तीन वर्षं ते स्वतःला बिशप समजत होते."

बॉबी म्हणजे मी. माझं नाव बबन. माण तालुक्यातला, नववीतून शाळा सुटलेला. सुटलेला म्हणजे काय, गणिताच्या सरांनी फळ्यापाशी उभं केलं, उत्तर मला येत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी शाळेऐवजी वडिलांबरोबर चुना मारायच्या कामावर गेलो, तो गेलोच. पुढे नर्स झालेल्या सुजाताशी लग्न झालं, हे माझं नशीब. तिला कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या मागून मी एक सुटकेस घेऊन या देशात उतरलो. डब्लिनजवळ ओंगारला मंडळाच्या गणपतीला गेलो की ओळखी होतात. कुणी औषधाच्या कंपनीत, कुणी चिप बनवतो, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. "तुम्ही कशात?" मला विचारतात. "चुन्यात," मी सांगतो. लोक हसतात. त्यांना वाटतं, मी गंमत केली.

मार्टीकाकांकडे मी कामाला लागलो तो एका आठवड्याच्या बोलीवर. सत्तरीला आलेला माणूस, उंच, वाकलेला, भुवयांवर कायम चुन्याचे शिंतोडे. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हणालो. "सर म्हणजे ज्याच्याकडे घोडा असतो तो," ते म्हणाले. "मार्टी म्हण." एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं मार्टी म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून मी मार्टीकाका म्हणालो. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, मी समजावलं. त्यांनी विचार केला. "माझ्या वडिलांना सात भाऊ होते. सगळे अमेरिकेला गेले, एकही परत आला नाही. काका म्हण. इथे एक तरी काका राहिला असं होईल."

त्याच दिवशी त्यांनी पिंपात कळीचा चुना भिजवला. चुना उकळला, वाफा आल्या, निवला. मेंढीची चरबी पडली, मीठ पडलं. मग काका माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. खिशातून फडक्याची एक पुरचुंडी काढली आणि पिंपात काहीतरी चिमूटभर टाकलं. मला न राहवून मी पुढे वाकलो.

"नीळ!" मी म्हणालो.

ते असे वळले, की जणू मी त्यांना आंघोळ करताना बघितलं होतं. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या आईने."

"तुझ्या आईला कुणी सांगितलं?"

"आमच्या गावात सगळेच टाकतात, काका. नुसता चुना पिवळट दिसतो. चिमूटभर नीळ टाकली की पांढरा शुभ्र होतो."

ते उलट्या बादलीवर बसले. "माझ्या आजोबांनी मरताना मला सांगितलं होतं, की ही गोष्ट फक्त त्यांना आणि देवाला माहीत आहे." पिंपात पुन्हा एकदा डोकावून बघितलं. मग म्हणाले, "देव कुठेही बोलतो वाटतं." एका आठवड्याची बोली तिथेच संपली.

त्यांच्याकडे मी जे शिकलो त्याला शाळा म्हणता येईल की नाही, मला माहीत नाही. नवीन घर हातात घेतलं की आधी आम्ही त्याच्यासमोर दोन स्टुलं मांडून पावसात चहा पीत बसायचो. "ऊन पडलेलं असताना रंग ठरवू नये. लग्नाच्या दिवशी सगळ्याच मुली देखण्या दिसतात. घर पावसात बघ." आमच्याकडे पावसासाठी माणूस थांबतो, इथे पाऊसच आपल्यासाठी थांबलेला असतो, तेव्हा अडचण कधी आली नाही. भिजत भिजत ते गावाच्या रंगांची कुळकथा सांगायचे. पांढरा का? डोंगर चुनखडीचा म्हणून. खालचा हातभर पट्टा काळ्या डांबराचा का? पाऊस जमिनीवरून चिखल उडवतो म्हणून. मी सांगितलं, आमच्याकडे तोच पट्टा गेरूचा असतो, कारण आमचा चिखल लाल. ते खूश झाले. "म्हणजे तुमचाही पट्टा चिखलच ठरवतो. शहाणा देश आहे." दारं? समुद्राकाठच्या घराला होडीचा उरलेला हिरवा, आत शेतांकडे गेलं की घोडागाडीच्या चाकांचा उरलेला लाल. एका घराचं फाटक दर उन्हाळ्यात जिल्ह्याच्या फुटबॉल संघाच्या रंगात रंगायचं, तांबडं-हिरवं. संघ दरवेळी शेवटच्या सामन्यात हरायचा. "ते रंगकाम नव्हे," काका म्हणायचे. "नवस आहे तो. त्याला रंगाचे दोन हात पुरत नाहीत."

आणि पांढरा. "पांढरा हा रंग नाही, बॉबी. ते कर्तव्य आहे." तिथे अजून एक चाल आहे. वर्षातून एकदा पाद्री एखाद्या घरी येऊन प्रार्थना घेतो आणि सगळी आळी त्या घरात जमते. घरांची पाळी लागलेली असते. ज्यांची पाळी आली ते घर आतून-बाहेरून पांढरं करून घेतात, मग भिंत कितीही बरी असो. आपल्याकडे घरात लग्न निघालं की कसं, तसं. काका म्हणायचे, "ऊन नसलेल्या गावात घराने स्वतःच थोडा उजेड द्यायला लागतो."

पण त्यांच्यावर माझा जीव बसला तो एका परीक्षेमुळे. इथे बांधकामावर जायला सुरक्षेचं एक कार्ड लागतं. दिवसभर वर्ग असतो, शेवटी कागदावर प्रश्न. वर्ग हा शब्द ऐकूनच मला तो फळा आठवला. तीन दिवस जेवण गेलं नाही. काकांनी बघितलं, म्हणाले, "माझंही कार्ड संपत आलंय. दोघं जाऊ." दिवसभर ते माझ्या शेजारी बाकावर बसले, इमानदारीत वहीत लिहून घेतलं आणि प्रश्नपत्रिका आल्यावर माझ्याआधी पेन घेऊन म्हणाले, "शिडीचा प्रश्न कुणाला येतोय?" शिकवणाऱ्याने त्यांना दटावलं. सगळे हसले, पण त्यांना हसले, मला नाही. मी पास झालो. काकांचा एक प्रश्न चुकला, तोही शिडीचाच. पुढे एकदा त्यांच्या व्हॅनच्या कप्प्यात त्यांचं जुनं कार्ड सापडलं. त्या परीक्षेच्या वेळी ते संपायला अजून तीन वर्षं होती.

आता हे सगळं लक्षात घेऊन पुढचं वाचा. म्हणजे मी जे केलं ते का केलं, हे कळेल.

साधारण चार वर्षांनंतरची गोष्ट. चर्चच्या समोरच्या घराला आम्ही चुना मारला. दुसऱ्या दिवशी भिंत वाळली आणि मला ती निळसर वाटली. फार नाही. नव्या सदऱ्याला नीळ जरा जास्त झाली तर दिसते तेवढी. मला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. पुढच्या घराला काकांनी दोन चिमटी नीळ जास्त टाकली. पिंपात बघून म्हणाले, "हल्लीचा चुना पिवळा येतो. खाणीत काहीतरी बिघडलंय." मी पिंपात बघितलं. चुना दुधासारखा होता.

त्याच्या पुढच्या घराला मूठभर.

मी सुजाताला सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता ऐकलं. "डोळ्यांत धुरकट दिसतं का त्यांच्या?"

"आहे थोडं."

"मोतीबिंदू आहे त्यांना. सगळं पिवळट दिसत असणार, म्हणून नीळ वाढवतायत. सांगा त्यांना."

"मी कसं सांगू?"

"तोंडाने."

"अगं, त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट केली, पांढरं. त्यांना जाऊन सांगू, तुम्हाला पांढरं दिसत नाही म्हणून?"

"मग काय निळं गाव करणार आहात?"

तेच केलं. मला सकाळी व्हॅनमध्ये बसल्यावर सांगायचं असायचं, वाक्यसुद्धा तयार असायचं. मग काका म्हणायचे, "कसा आहे आजचा रंग, बॉबी?" आणि मी म्हणायचो, "ग्रँड, काका." त्यांचे उपकार डोक्यावर होते. नोकरी जायचीही भीती होती, खोटं कशाला सांगू. फळ्यापाशी उभं राहिल्यासारखंच होतं ते, फक्त फळा आता निळा होता. दीड वर्षात त्या एका रस्त्यावरची अकरा घरं निळी झाली. उन्हात ती जरा भुतासारखी दिसायची आणि पावसात घरं न दिसता दारंच हवेत उभी असल्यासारखी दिसायची.

गावात कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, आयरिश लोकांना निळं दिसत नसावं.

मग तज्ज्ञ आला.

गावात एक सुंदर गाव समिती होती. अध्यक्ष ब्रेडाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. पंच्याहत्तरीची बाई, पण नुसती समोर आली तरी मी नखं कापलीत का ते बघायचो. समितीने गाव कुठल्यातरी स्पर्धेत घातलं होतं आणि जुन्या इमारतींच्या रंगांवर अहवाल लिहायला डब्लिनहून एक तज्ज्ञ बोलावला होता. लांब मान, लांब कोट, हातात रंगांच्या पट्ट्यांचा पंखा. तो प्रत्येक भिंतीला पंखा लावून बघायचा आणि 'अहाहा' केल्यासारखा श्वास सोडायचा.

काका शिडीवर होते. तज्ज्ञाने खालून विचारलं, "तुम्ही लोक हा निळा किती पिढ्यांपासून वापरता?"

"कुठला निळा?" काका म्हणाले.

तज्ज्ञ थबकला आणि वहीत भराभर लिहू लागला. ते पुढे अहवालात आलं, ब्रेडाबाईंनी सभेत वाचून दाखवलं, म्हणून मला माहीत आहे. 'हा निळा इथल्या लोकांच्या जगण्यात इतका मुरलेला आहे, की तो निळा आहे याचीही त्यांना जाणीव उरलेली नाही.' त्यापुढे दोन पानं कारणं होती. अटलांटिकवरचं आभाळ. माता मेरीचं वस्त्र. समुद्रापार गेलेल्या मुलांच्या वाटेकडे लागलेले आयांचे डोळे. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं होतं, "तुम्हाला परक्याला हा रंग कसा वाटतो?" मी मान हलवली. माझी मान आपल्याकडच्या पद्धतीने हलली, आडवी-तिडवी. त्याने तीही लिहून घेतली.

गावाला प्रशस्तिपत्रक मिळालं. रस्त्याच्या तोंडाशी माहितीचा फलक लागला आणि समितीने ठराव केला, की उरलेली घरंही पारंपरिक निळ्यातच व्हावीत. काकांना फलक वाचून दाखवला तर म्हणाले, "कुठल्या गावाबद्दल आहे हे?"

शेवटी सुजातानेच केलं. संक्रांतीला तिळाचे लाडू द्यायच्या निमित्ताने गेली, त्यांना खिडकीपाशी बसवलं, मोबाईलचा टॉर्च डोळ्यांत मारला आणि म्हणाली, "मार्टीकाका, डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं. मी नाव घातलंय." माझ्याशी कधी हुज्जत न हरलेला माणूस तिच्यापुढे लाडू चघळत गप्प बसला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. डाव्याचा नंबर नंतर यायचा होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मी त्यांना व्हॅनने गावाकडे घेऊन निघालो. वाटभर ते लहान पोरासारखे काचेला नाक लावून बसले होते. "ही कुरणं कुणी रंगवली रे? केवढा भडक हिरवा! एक हात कमी चालला असता." मी हसलो नाही. गावाचा फाटा जसजसा जवळ आला तसतसा माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जात होता. शेवटी मागून ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला.

रस्त्याच्या तोंडाशी काका म्हणाले, "थांब."

खाली उतरले. अकरा घरं दोन्ही बाजूंना उभी होती. त्यांनी डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. मग परत डावा. असं पाच-सहा वेळा. कवायत चालल्यासारखं वाटत होतं.

"या डोळ्याने माझं काम दिसतंय," डाव्यावरचा हात काढून ते म्हणाले. "आणि या डोळ्याने स्विमिंग पूल. कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझं उत्तर इतकं पटकन आलं. "माझ्या हातून नीळ जास्त पडली, काका. आमच्याकडे जास्त टाकतात."

ते चर्चसमोरच्या घरापाशी गेले आणि भिंत चाटली. सावकाश, दोन ठिकाणी.

"चरबी बरोबर. मीठ बरोबर. हा माझा हात आहे." माझ्याकडे वळले. "किती दिवस?"

"दीड वर्ष."

"आणि तुला दिसत होतं?"

"हो."

"रोज सकाळी विचारायचो मी तुला."

"आणि मी ग्रँड म्हणायचो," मी म्हणालो.

"हात मला दोन आहेत, बॉबी," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "हातांसाठी तुला ठेवला नव्हता. डोळ्यांसाठी ठेवला होता. म्हाताऱ्याचे डोळे जाणार, हे मला माहीत होतं. म्हणून तर नीळ ओळखणारा माणूस घेतला." आणि ते चालत घरी गेले.

नऊ दिवस त्यांचा फोन आला नाही. मी घरात बसून होतो. सुजाता ड्युटीवर जाताना एवढंच म्हणाली, "उपकार आहेत म्हणून गप्प बसलात. उपकारच फेडायचे होते तर बोलायचं होतं." दहाव्या दिवशी सकाळी दारात भोंगा वाजला. काका व्हॅनमध्ये होते. मला घेऊन एका भिंतीपुढे उभं केलं.

"रंग सांग."

"पांढरा," मी घाबरून म्हणालो.

"लबाड."

"निळसर."

"किती?"

"चार चिमटी जास्त."

"ग्रँड. बस व्हॅनमध्ये, कामाला जाऊ."

त्या दिवसापासून रोज परीक्षा. कुठेही थांबायचे, बोट दाखवायचे, "रंग सांग." गाय, टपालपेटी, पाद्र्याचं नाक. भीतीने उत्तर दिलं की त्यांना बरोबर कळायचं, आणि त्या दिवशी चहा ते करायचे. त्यांचा चहा पिणं ही शिक्षा होती. हळूहळू मी खरं सांगायला लागलो. बऱ्याच दिवसांनी बरा चहाही मिळाला.

पण त्या अकरा घरांचं काय? काकांनी दारोदार जाऊन सांगितलं, माझी चूक आहे, मी परत पांढरं करून देतो. कुणी तयार होईना. "छे, मार्टी, आम्हाला आवडतं. परंपरा आहे ती." "परंपरा कसली, माझा मोतीबिंदू आहे तो!" असं म्हटलं की लोक हसायचे, पाठीवर थाप मारायचे. शेवटी ते चर्चच्या हॉलमध्ये समितीच्या सभेत उभे राहिले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "आभाळ नाही, माता मेरी नाही, कुणाच्या आईचे डोळेही नाहीत. माझे डोळे गेले होते. एवढंच कारण आहे."  मग ब्रेडाबाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गावभर एकच, मार्टी किती विनयशील आहे! परंपरेचं श्रेय घ्यायला तयार नाही!

राहिलेलं वर्षभर त्या माणसाला ठरावाप्रमाणे निळा रंग मारावा लागला. नीळ मी टाकायचो. ते डावा डोळा उघडा ठेवून काम करायचे. म्हणायचे, "याने बघितलं की अजून माझाच पांढरा दिसतो."

फेब्रुवारीत मार्टीकाका झोपेत गेले. दुसऱ्या डोळ्याचा नंबर आलाच नाही.

तिथे माणूस गेला की त्याला घरी आणून ठेवतात. सगळं गाव भेटून जातं, चहा होतो, त्याच्या गोष्टी निघतात. काकांचं स्वतःचं घर रांगेतलं शेवटचं. गावभर चुना मारणाऱ्याच्या घराला सहा वर्षांत हात लागला नव्हता. पोपडे आलेले, ओल धरलेली. माझ्या हातात एक दिवस होता. फेब्रुवारीत चुना मारू नये, गारठ्याने तो धरत नाही, पण निदान दर्शनी भिंत तरी करायचीच होती. मी पिंप काढलं, चुना भिजवला, मीठ टाकलं, चरबी टाकली. पुरचुंडी उघडली तेवढ्यात मागून आवाज आला.

"बॉबी."

ब्रेडाबाई. काळा कोट, काळे हातमोजे. माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"किती निळा घालतोयस?"

"एक चिमूट, बाई."

"रांगेला शोभायला हवं. जरा जास्त घाल."

"नाही," मी म्हणालो.

मी एक चिमूट टाकली आणि पुरचुंडी बांधली. बाई बघत राहिल्या. मी म्हणालो, "ती घरं चुकली आहेत, बाई. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी सांगितलं नाही. आता सांगतो. निळी आहेत ती. चुकून."

बाईंनी सावकाश हातमोजे काढले.

"मलाही पहिल्या दिवसापासून दिसत होतं," त्या म्हणाल्या. "चर्चसमोरचं घर माझंच ना? सकाळी उठले, खिडकी उघडली, वाटलं मीच गेले आणि स्वर्गात आले. गावात सगळ्यांना दिसत होतं, बॉबी. पण मार्टीला कोण सांगणार? ज्या माणसाने तुमच्या आईवडिलांची घरं पांढरी केली, त्याला जाऊन म्हणायचं, तुला दिसत नाही? आम्ही ठरवलं, आपण निळ्यात राहू. तो तज्ज्ञ आला तेव्हा देवच आल्यासारखं झालं. चूक कागदावर परंपरा झाली. मग त्या दिवशी तो हॉलमध्ये उभा राहिला, तेव्हा काय करणार होतो? टाळ्या वाजवल्या."

 मला ती अकरा घरं आठवली, आणि गेल्या वर्षी मी माझ्या हाताने नीळ टाकून केलेली बाकीची. तीसेक घरं एका म्हाताऱ्याचं मन राखायला निळी झाली होती, आणि तो म्हातारा दारोदार जाऊन सांगत होता, मला पांढरं करू द्या.

"त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं, बाई," मी म्हणालो. "त्यांना तेच हवं होतं."

 बाईंनी कोट काढून फाटकाला अडकवला आणि म्हणाल्या, "दुसरा कुंचा कुठे आहे?"

एक चिमूट. दोन हात. संध्याकाळी काकांना आणलं तेव्हा भिंत अजून ओलीच होती, करडी दिसत होती. सकाळी त्यांना नेलं तेव्हा ती वाळली होती.

आता त्या रस्त्यावर सगळी घरं निळी आणि शेवटचं एक पांढरं आहे. गेल्या उन्हाळ्यात तोच तज्ज्ञ परत आला, पंखा घेऊन. ते घर बघून गोंधळला. फलकावर आता शेवटी एक ओळ वाढली आहे: 'शेवटच्या घराचा पांढरा रंग इथल्या परंपरेत बसत नाही. तो बहुधा अलीकडच्या भारतीय प्रभावाचा परिणाम असावा.' मी त्याला सांगितलं, साहेब, हे उलटं आहे. नीट, क्रमाने, न घाबरता सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, मार्टीसारखेच बोलता तुम्ही.

दर वसंतात मी त्या भिंतीला चुना मारतो. मारण्याआधी कोपऱ्यापाशी जाऊन जीभ लावतो, लोक बघत असले तरी. मग समोर दोन स्टुलं मांडून पावसात चहा पीत बसतो आणि मोठ्याने सांगतो, "पांढरा."

आणि कुणीतरी 'लबाड' म्हणेल म्हणून जरा वेळ थांबतो.